पाण्याचा प्रस्ताव, विजेचा हिशेब: ग्रामपंचायतीने शासकीय निधी कसा मिळवावा

सांगली जिल्ह्यात पाणी आणि वीज यांचा हिशेब वेगवेगळा मांडता येत नाही. कृष्णा आणि वारणा वाळवा, पलूस, मिरज या सखल पट्ट्यातून वाहतात. पाण्याची ओढ मात्र पूर्वेकडे, जत, कवठे महांकाळ, आटपाडी आणि खानापूरच्या माळावर असते. नदीचे पाणी तिथवर आपसूक जात नाही, ते टप्प्याटप्प्याने उचलावे लागते. कराड तालुक्यातील टेंभू, वाळवा तालुक्यातील ताकारी आणि मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथून सुरू होणाऱ्या तिन्ही उपसा सिंचन योजनांची चर्चा वर्षानुवर्षे एकाच प्रश्नापाशी येऊन अडत आली आहे, तो म्हणजे पंपांचे वीजबिल कोणी भरायचे. त्या बिलातील ८१ टक्के वाटा शासनाने आणि १९ टक्के वाटा लाभधारकांनी उचलावा हे सूत्र त्यातूनच आले, आणि म्हैसाळ योजनेसाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जातून सौर प्रकल्प उभारण्याचा निर्णयही त्यातूनच झाला.

गावाच्या नळपाणी योजनेला मात्र असा ८१ टक्क्यांचा वाटेकरी नसतो. विहीर, पाइपलाइन आणि टाकी यांसाठी शासन पैसे देते. पंप चालवण्याचे पैसे गावाने शोधायचे असतात. योजना उभी राहते, उद्घाटन होते, दोन वर्षांत थकबाकी साचते, जोडणी तुटते आणि गावात पुन्हा टँकर येतो, ही कथा दुष्काळी पट्ट्यातल्या कोणत्याही पंचायतीला नवी नाही. म्हणून सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी (लोकांच्या तोंडी अजून ग्रामसेवकच) आणि पाणीपुरवठा समितीचे सदस्य यांच्यासाठी पुढील पायऱ्या लिहिताना मी एक धोरण धरले आहे: पाण्याचा कोणताही प्रस्ताव विजेच्या हिशेबाशिवाय पुढे पाठवायचा नाही.

पहिली पायरी: स्वतःच्या पंपाचे मोजमाप

प्रस्तावाची सुरुवात तालुक्याच्या कार्यालयात होत नाही, पंपघरात होते. आटपाडी तालुक्यातील एका पंपघराच्या दाराच्या आतल्या बाजूला तिथल्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याने खडूने तीन रकाने आखले होते: मोटार चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ आणि मीटरचा आकडा. दहावीही पूर्ण न केलेल्या त्या माणसाच्या दारावरून मला त्या योजनेबद्दल जेवढे कळले, तेवढे पंचायतीच्या दप्तरातून कळले नव्हते. किमान एक महिना अशी नोंद ठेवावी. उन्हाळ्यातला महिना मिळाला तर उत्तम.

त्या नोंदीवरून हिशेब असा मांडावा. गावाची लोकसंख्या २,४०० आहे आणि जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे दरडोई दररोज ५५ लिटर पाणी द्यायचे आहे असे धरू. म्हणजे रोजची गरज १,३२,००० लिटर झाली. विहिरीतील पाण्याच्या पातळीपासून टाकीच्या तोंडापर्यंतची उंची आणि पाइपातील घर्षण मिळून ६० मीटर धरले, तर हे पाणी उचलायला निव्वळ साडेएकवीस युनिटच्या आसपास ऊर्जा लागते. पंप आणि मोटार यांची एकत्रित कार्यक्षमता ५० टक्के धरली की प्रत्यक्षात सुमारे ४३ युनिट लागतात. १० अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर सहा तास चालली की साधारण ४५ युनिट होतात, म्हणजे हिशेब जुळतो. आता दारावरच्या नोंदीत रोज ७० युनिट दिसत असतील, तर वरचे २५ युनिट कुठे जातात हे आधी शोधले पाहिजे. बहुतेक वेळा उत्तर तीन ठिकाणी सापडते: गळकी दाबनलिका, झिजलेला पंप, किंवा टाकी भरून वाहत असताना चालू राहिलेली मोटार. हे न शोधता मोठ्या पंपाची किंवा सौर संचाची मागणी करणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीसाठी जास्त लांब दोर मागणे होय.

महावितरणचे शेवटच्या बारा महिन्यांचे बिलही समोर ठेवावे आणि त्यातील चार गोष्टी वहीत उतरवाव्यात: जोडणीचा वर्ग सार्वजनिक पाणीपुरवठ्याचाच आहे का, मंजूर भार प्रत्यक्षातील मोटारीशी जुळतो का, चालू बिल किती आणि जुनी थकबाकी व त्यावरचे व्याज किती. पाचवी गोष्ट बिलावर नसते, ती वायरमनला विचारावी लागते: जोडणी गावठाणाच्या वाहिनीवर आहे की शेतीपंपांच्या. तलावाकाठची किंवा ओढ्याकाठची विहीर गावापासून लांब असते आणि तिची जोडणी अनेकदा शेतीच्या वाहिनीवरून घेतलेली असते. त्या वाहिनीला दिवसातले ठरावीक तासच तीन फेज मिळतात. तिथे पाणी कमी पडण्याचे कारण विहीर नसून वाहिनी असते, आणि त्यासाठी मागायचा निधीही वेगळा असतो.

दुसरी पायरी: पैशाचा प्रत्येक प्रवाह कुठून येतो ते ओळखणे

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला अकरावे परिशिष्ट जोडले. त्यातील २९ विषयांत लघुसिंचन व जलव्यवस्थापन, पिण्याचे पाणी, ग्रामीण विद्युतीकरण आणि अपारंपरिक ऊर्जा हे चारही विषय आहेत. म्हणजे हे विषय पंचायतीकडे सोपवण्याजोगे आहेत हे घटनेनेच मान्य केले आहे. पैसा मात्र वेगवेगळ्या वाटांनी आणि वेगवेगळ्या अटींसह येतो.

सर्वांत भरवशाची वाट केंद्रीय वित्त आयोगाची. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली आणि त्यातील ६० टक्के रक्कम बंधित ठेवली: ३० टक्के पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, ३० टक्के स्वच्छतेसाठी. उरलेले ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचे. फक्त पगार आणि आस्थापनेवर नाही. महाराष्ट्रात या निधीतील ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीला आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समितीला व जिल्हा परिषदेला, अशी विभागणी होती. पाणीपुरवठ्याचे वीजबिल बंधित भागातून आणि पथदिव्यांचे अबंधित भागातून भरण्याची मुभा राज्याने २०२१ मध्ये दिली, तेव्हा अनेक सरपंचांनी त्याला विरोध केला. त्यांची तक्रार रास्त होती, कारण विकासाचा पैसा बिलात गेला की कामाला काही उरत नाही. पण ज्या पंचायतीने पाणीपट्टी वसूल करण्याची तसदी कधी घेतली नाही, तिच्यासमोर दुसरा मार्गही नव्हता. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा कालावधी सुरू होतो. त्यामुळे नवा आराखडा करताना जुन्या टक्केवारीवर विसंबू नये, त्या वर्षाचा शासन निर्णय समोर ठेवावा.

दुसरी वाट जलजीवन मिशनची. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या या योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यांत केंद्र आणि राज्य यांचा वाटा निम्मा-निम्मा आहे, आणि गावांतर्गत कामाच्या भांडवली खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी अपेक्षित आहे. डोंगरी भागात तसेच अनुसूचित जाती-जमातींची वस्ती ५० टक्क्यांहून अधिक असलेल्या गावांत ती ५ टक्के आहे. काम जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग पाहतो, मोठ्या प्रादेशिक योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे असतात. लहान वाड्या-वस्त्यांसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची सौर दुहेरी पंप योजना आहे, ज्यात एकाच विंधन विहिरीवर हातपंप आणि सौर पंप दोन्ही बसतात. जतसारख्या विखुरलेल्या वस्त्यांच्या तालुक्यात मला ही योजना मोठ्या योजनांपेक्षा अधिक उपयोगाची वाटते, कारण तिला बिल येत नाही आणि ढग आले तरी हातपंप असतोच.

तिसरी वाट जिल्हा वार्षिक योजनेची. पालकमंत्री ज्या जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असतात, ती समिती या योजनेचा आराखडा मंजूर करते. यात सर्वसाधारण योजना आणि अनुसूचित जाती उपयोजना असे वेगळे भाग असतात. वस्ती कोणत्या भागात बसते हे पाहूनच अर्ज करावा, नाहीतर चांगला प्रस्तावही चुकीच्या टेबलावर पडून राहतो. सौर संचासाठी नावीन्यपूर्ण योजनेचा किंवा अपारंपरिक ऊर्जेचा शीर्ष तपासावा.

याशिवाय लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या मूलभूत सुविधांसाठीचा लेखाशीर्ष २५१५ आहे, ज्याला तालुक्यात सगळे ‘पंचवीस-पंधरा’ म्हणूनच ओळखतात. आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी असतो आणि खासदारांचाही ५ कोटी. या वाटांवर फार लिहिण्यासारखे नाही: पत्र लागते, पाठपुरावा लागतो आणि वेळ साधावी लागते.

एक वाट मात्र पंचायती विसरतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये ज्या गावाच्या हद्दीत सौर प्रकल्प उभा राहतो, त्या ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी ५ लाख रुपये, म्हणजे एकूण १५ लाख रुपये अनुदान देण्याची तरतूद आहे. प्रकल्प आपल्या हद्दीत असेल तर हे पैसे मागावेत आणि ते पाणी योजनेच्या सौरीकरणाला जोडावेत. प्रकल्पासाठी गायरान जात असेल, तर चराईचे काय होणार हे त्याच ग्रामसभेत नोंदवून घ्यावे. नंतर धनगरवाड्यावरून येणारी तक्रार कागदावर नसते आणि म्हणून तिला उत्तरही मिळत नाही.

तिसरी पायरी: अर्थसंकल्पातला आकडा वाचणे

वर्तमानपत्रात ‘पाण्यासाठी हजारो कोटी’ असा मथळा येतो आणि गावात चर्चा सुरू होते की पैसे आले. अर्थसंकल्पात दाखवलेली रक्कम म्हणजे तरतूद. ती खात्याकडे वितरित होणे ही पुढची गोष्ट आणि प्रत्यक्ष खर्च होणे ही त्याच्याही पुढची. याचे सर्वांत ठळक उदाहरण जलजीवन मिशनच देते. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या योजनेसाठी ७०,१६३ कोटी रुपये धरले होते. सुधारित अंदाजात तो आकडा २२,६९४ कोटींवर आला. पुढच्या वर्षी पुन्हा ६७,००० कोटींची तरतूद झाली आणि योजनेची मुदत २०२८ पर्यंत वाढवल्याची घोषणाही झाली. मधल्या काळात खोदलेले चर उघडे, पाइप रस्त्याकडेला पडलेले आणि ठेकेदार देयकाच्या प्रतीक्षेत, हे चित्र ज्यांनी पाहिले त्यांना अंदाज आणि सुधारित अंदाज यांतला फरक पुस्तकातून शिकवावा लागणार नाही.

म्हणून आकडा वाचताना तीन रकाने शोधावेत: मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज. राज्याच्या अर्थसंकल्पात महसुली खर्चासाठी पाणीपुरवठा व स्वच्छता २२१५, लघुसिंचन २७०२, वीज २८०१ आणि नवीन व नवीकरणीय ऊर्जा २८१० ही प्रधान लेखाशीर्षे आहेत. भांडवली खर्चासाठी पाणीपुरवठ्याचे ४२१५ आणि लघुसिंचनाचे ४७०२ आहे. दोनने सुरू होणारा आकडा चालू खर्चाचा आणि चारने सुरू होणारा उभारणीचा, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. गावाची मागणी दुरुस्तीची असताना ती भांडवली शीर्षाखाली लिहिली की ती परत येते. वित्त विभागाच्या बीम्स प्रणालीवर कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम वितरित झाली आणि किती खर्ची पडली हे दिसते. जिल्हा नियोजन कार्यालयात जाण्यापूर्वी ते पाहून जावे, म्हणजे ‘निधी नाही’ या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारता येतो.

वर्षभरात पैसा एकदाच ठरतो असेही नाही. मार्चमधील मुख्य अर्थसंकल्पानंतर पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. पुरवणी मागणीत गावाचे नाव येत नाही, पण ज्या योजनेत आपला प्रस्ताव मंजूर होऊन निधीअभावी थांबला आहे, तिच्या शीर्षाला रक्कम आली का हे त्या वेळी पाहता येते.

चौथी पायरी: दिनदर्शिका पाळणे

गावाचा ग्रामपंचायत विकास आराखडा २ ऑक्टोबर ते ३१ जानेवारी या मोहिमेच्या काळात तयार होतो. त्यासाठीच्या नऊ संकल्पनांपैकी ‘जलसमृद्ध गाव’ आणि ‘स्वच्छ व हरित गाव’ या दोन संकल्पनांत पाणी आणि सौरऊर्जेची कामे बसतात. आराखड्यात जे काम नाही त्यावर वित्त आयोगाचा पैसा खर्च करता येत नाही, हे एक वाक्य पंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहे. आराखडा ई-ग्रामस्वराज प्रणालीवर भरला जातो आणि खर्चाची देयकेही तिथूनच, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीने निघतात.

जिल्हा वार्षिक योजनेची लगबग त्याच सुमारास चालते. राज्य शासन जिल्ह्याला खर्चाची मर्यादा कळवते, खाती प्रस्ताव गोळा करतात, साधारण जानेवारीत नियोजन समितीची बैठक होते आणि नंतर अर्थमंत्र्यांकडील विभागीय बैठकीत आकडा पक्का होतो. याचा अर्थ पुढच्या वर्षीच्या कामाची अंदाजपत्रके दिवाळीच्या आत तयार हवीत. फेब्रुवारीत सरपंच फाइल घेऊन सांगलीला निघतात, विजयनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या चढतात आणि पुढच्या वर्षी या असे ऐकून परततात. त्यात कोणाचा आकस असतोच असे नाही, गाडी आधीच सुटलेली असते.

पाचवी पायरी: ग्रामसभेचा ठराव

या पायरीवर मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण मंजूर होण्याजोगे प्रस्ताव मी इथेच सर्वाधिक अडकलेले पाहिले आहेत. काही वर्षांपूर्वी एका गावाचा सौर पंपाचा प्रस्ताव मी स्वतः तयार करून दिला होता. मोजमाप चोख होते, अंदाजपत्रक व्यवस्थित होते. चार महिन्यांनी फाइल परत आली. शेरा एवढाच होता की ठरावात जागेचा गट क्रमांक नाही. ठरावात ‘गावविहिरीजवळील मोकळी जागा’ असे लिहिले होते, आणि मीही ते वाचून पुढे पाठवले होते. नवी ग्रामसभा होईपर्यंत आर्थिक वर्ष संपले.

ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणसंख्या लागते. गणसंख्येअभावी तहकूब झालेल्या सभेला ही अट नसते, परंतु तिथे नवा विषय घेता येत नाही. म्हणून विषय मूळ सूचनेतच असला पाहिजे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणे कायद्याने अपेक्षित आहे आणि पाण्याच्या बाबतीत ती केवळ औपचारिकता नसते. नळाला पाणी किती वाजता येते, टाकीपासून शेवटच्या टोकाच्या आळीत किती घागरी भरतात, कोणत्या घरी मोटार लावून पाणी ओढले जाते, हे तिथेच कळते.

ठरावाचा मजकूर असा असावा: ‘गट क्रमांक अमुक मधील ग्रामपंचायतीच्या मालकीच्या विहिरीवर असलेल्या १० अश्वशक्तीच्या पंपासाठी, त्याच गटातील दोन गुंठे ग्रामपंचायतीच्या मालकीच्या जागेवर सुमारे ११ किलोवॅट क्षमतेचा सौर संच बसवण्याचे काम अमुक वर्षाच्या आराखड्यात समाविष्ट करण्यास, त्यासाठी अमुक योजनेतून निधीची मागणी करण्यास, आणि संचाच्या देखभालीचा वार्षिक खर्च पाणीपुरवठा निधीतून करण्यास ही सभा मंजुरी देत आहे.’ सूचक आणि अनुमोदक यांची नावे, उपस्थितांची संख्या आणि ठराव क्रमांक खाली यावा. मजकुरातील शेवटचा भाग, म्हणजे देखभालीच्या खर्चाची हमी, कोणी मागत नाही म्हणून गाळला जातो. पण छाननी करणारा अधिकारी अनुभवी असेल तर त्याची नजर आधी तिथेच जाते.

क्षमतेचा आकडा कुठून आला, हेही सांगता यायला हवे. आपल्याकडे एक किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देतो. रोजच्या ४३ युनिटसाठी म्हणून ११ किलोवॅट. छतावर दर किलोवॅटला साधारण १० चौरस मीटर जागा लागते, म्हणजे दहा किलोवॅटला एक गुंठा. जमिनीवर ओळींतील अंतर धरून दीड ते दोन गुंठे धरावेत. पाणी साठवण्याची टाकी असल्याने पंपाला महागड्या बॅटरीची गरज नसते. दिवसा पंप चालवून टाकी भरायची आणि पाणी सकाळी सोडायचे. पावसाळ्यात संच कमी चालतो, त्यामुळे महावितरणची जोडणी तोडू नये.

सहावी पायरी: फाइल बांधणे

ठरावासोबत जागेचा सातबारा किंवा मालकीचा उतारा, उद्भवाच्या (पाण्याच्या स्रोताच्या) शाश्वततेबद्दल भूजल यंत्रणेचा दाखला, जिल्हा दरसूचीप्रमाणे केलेले अंदाजपत्रक, जागेचे छायाचित्र, बारा महिन्यांची बिले आणि वर सांगितलेला ऊर्जेचा हिशेब जोडावा. विहीर खाजगी जागेत असेल तर आधी बक्षीसपत्र नोंदवून घ्यावे. ‘पाटलांनी तोंडी दिली आहे’ या शब्दावर उभ्या राहिलेल्या योजनांना पाटलांच्या पुढच्या पिढीत कुलूप लागलेले आहे.

सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे अटल भूजल योजनेत होते. आपले गाव त्यात असेल, तर त्या वेळी केलेला पाण्याचा ताळेबंद आणि जलसुरक्षा आराखडा दप्तरात असेल. तो धूळ झटकून फाइलला लावावा. पाऊस किती, जमिनीत किती मुरला, पिकांनी किती घेतला आणि पिण्याला किती उरला, हे आकडे तयार मिळतात, आणि तज्ज्ञांनी केलेली ही मांडणी पंचायतीला स्वतः करणे अवघड आहे.

यानंतर तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश हे टप्पे येतात. अधिकारमर्यादेप्रमाणे ही मान्यता कोण देणार हे रकमेवर ठरते. एवढेच सांगतो की तांत्रिक मान्यतेनंतर दरसूची बदलली तर अंदाजपत्रक पुन्हा करावे लागते, म्हणून फाइल एका टेबलावर महिनाभर थांबली तर तिची चौकशी तोंडी न करता स्मरणपत्राने करावी आणि पोच घ्यावी.

सातवी पायरी: काम, देयक आणि ३१ मार्च

काम सुरू झाल्यावर पाणीपुरवठा समितीने तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात: चर अंदाजपत्रकाइतका खोल आहे का, पाइपावरचा दाबाचा वर्ग मान्य केलेलाच आहे का, आणि मोजमाप पुस्तिकेतील नोंद प्रत्यक्ष कामाशी जुळते का. चर बुजण्याआधी टेप लावून काढलेले छायाचित्र नंतरच्या दहा तक्रारींपेक्षा मोलाचे ठरते.

राज्याच्या खात्यांकडील अखर्चित रक्कम ३१ मार्चला व्यपगत होते. जिल्हा परिषदेला दिलेला जिल्हा वार्षिक योजनेचा निधी मात्र पुढील आर्थिक वर्षाअखेरपर्यंत वापरता येतो. ही सवलत माहीत नसल्याने काही पंचायती मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईने कामे उरकतात, आणि माहीत असलेल्या काही पंचायती दुसऱ्या वर्षीही मार्चपर्यंत थांबतात. दोन्हींचा परिणाम सारखाच. काम संपल्यावर पूर्णत्वाचा दाखला आणि विनियोग दाखला वेळेत पाठवावा, कारण पुढचा हप्ता त्यावर अवलंबून असतो. वित्त आयोगाच्या निधीसाठी मागील वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन असणे आणि निवडून आलेली कार्यकारिणी असणे या अटीही आहेत.

आठवी पायरी: पाणीपट्टी ठरवणे

वरच्याच गावाचा हिशेब पुढे नेऊ. रोज ४५ युनिट धरले तर महिन्याला १,३५० युनिट. सर्व आकार मिळून युनिटला ८ रुपये धरले, तर १०,८०० रुपये. वर्षाला १,२९,६०० रुपये. गावात ४८० घरे असतील तर केवळ विजेपोटी घरटी वर्षाला २७० रुपये. पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचे मानधन, पाणी निर्जंतुक करण्याची टीसीएल पावडर, पाणी तपासणी, मोटार जळाल्यास वायंडिंग आणि दर काही वर्षांनी नवा पंप यांची रक्कम त्यात मिळवली की खरी पाणीपट्टी निघते. दर आपापल्या बिलावरून घ्यावा, पण पद्धत हीच ठेवावी आणि हा कागद मार्चपूर्वीच्या सभेत वाचून दाखवावा. पाणीपट्टी वाढवायला गावाचा विरोध असतो असे सगळे म्हणतात. माझा अनुभव असा की विरोध आकड्याला कमी आणि आकडा कुठून आला हे न सांगण्याला जास्त असतो.

सौर संच बसल्यावर बिल घटेल, म्हणून पाणीपट्टी लगेच कमी करू नये. वाचलेल्या रकमेतील ठरावीक भाग पाणीपुरवठ्याच्या स्वतंत्र खात्यात देखभालीसाठी ठेवावा आणि ग्रामपंचायतीच्या अर्थसंकल्पात, म्हणजे नमुना १ मध्ये, त्याची वेगळी ओळ घालावी. पुरवठादाराशी करार करताना पाच वर्षांच्या देखभालीची अट, तक्रारीनंतर किती दिवसांत माणूस येईल आणि इन्व्हर्टर बदलून देण्याची जबाबदारी कोणाची, हे लिहून घ्यावे. पॅनेलवरची धूळ हा माळरानावरचा मोठा प्रश्न आहे. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत आठवड्यातून एकदा, ऊन चढण्याआधी, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने ती पुसायची असते. हे काम कोणाचे, याचे नाव करारात किंवा ठरावात असले पाहिजे. वर सांगितलेल्या पंपघरात खडूच्या तीन रकान्यांशेजारी आता चौथा रकाना आहे, पॅनेल पुसल्याच्या तारखेचा.